बाराच्या बातम्या कुठे गेल्या

सोमवारी दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना वहिनींनी टीव्ही लावला, तर त्यांचं चॅनेल जागेवर नव्हतं. निळा पडदा आणि मधोमध दोनच शब्द: सिग्नल नाही. त्याच्या आधीचं चॅनेल लागत होतं, नंतरचंही लागत होतं. मधलंच तेवढं गायब. त्यांनी जिन्यात येऊन खाली हाक मारली, "भावोजी, जरा वर या हो! आमची बाई दिसेनाशी झालीय."

भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. गल्ली त्यांना टीव्हीकाका म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी टीव्हीदुरुस्तीचं दुकान चालवलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर बंद केलं. खालच्या मजल्यावर ते एकटे राहायचे, वरच्या मजल्यावर वहिनी. थोरले भाऊ जाऊन चार वर्षं झाली होती. वहिनींनी केबल काढून टाकली, तेव्हा गच्चीवर अँटेना काकांनीच बसवून दिला होता.

"आमची बाई" म्हणजे वहिनींची लेक. ती दूरच्या शहरात टीव्ही स्टेशनात कामाला होती. बाराच्या बातम्या चालू असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, एका छोट्या गोलात उभी राहून ती ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या सांगायची. वहिनींना त्या खुणा कळत नव्हत्या. बातम्यांतही त्यांना काडीचा रस नव्हता. पण लेक रोज अर्धा तास डोळ्यांसमोर असायची. त्यामुळे फोन करणं हळूहळू कमीच झालं होतं. "रोज तर बघते मी तिला," असं त्या म्हणायच्या.

काकांनी रिमोट घेऊन दोनतीनदा चॅनेल मागेपुढे केलं, मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली आणि ते गच्चीवर गेले. अँटेना ज्या नळीवर उभा होता तिच्यावर त्यांनी खडूने एक रेघ मारून ठेवली होती, टेकडीवरच्या मनोऱ्याच्या दिशेला. वारा सुटून अँटेना फिरलाच, तर पुन्हा त्या रेघेवर आणायचा.

नळीवर दोन रेघा होत्या.

काका बघतच राहिले. एक टेकडीकडे, दुसरी तिच्या चार बोटं डावीकडे. अँटेना डावीकडच्या रेघेवर उभा होता. ही दुसरी आपण कधी मारली? त्यांनी डोकं खाजवलं. काही केल्या आठवेना.

त्यांनी अँटेना उजवीकडच्या रेघेवर आणला. खालून वहिनी ओरडल्या, "आता दुसरीही दोन गेली!" डावीकडे परत आणला. ती दोन आली, पण हवं ते आलं नाही.

जुन्या टीव्हीचं बरं होतं, काकांना वाटलं. तो बिघडला तरी काय झालंय ते सांगून बिघडायचा. पडद्यावर मुंग्या आल्या तर सिग्नल कमी. माणसामागे त्याचीच फिकट सावली दिसली तर लाट कुठल्या तरी इमारतीवर आपटून येतेय. अँटेना थोडा हलवला की मुंग्या थोड्या कमी व्हायच्या, आणि आपण बरोबर चाललोय हे कळायचं. आता एक तर लख्ख चित्र, नाहीतर निवेदकाचं तोंड चौकोन चौकोन होऊन थिजलेलं, नाहीतर चक्क काहीच नाही.

मंगळवारी ते पुन्हा वर गेले. वायर बदलली. काही फरक नाही. खाली येऊन त्यांनी विचारलं, "वहिनी, शनिवारी लागत होतं ना हे?"

"भावोजी, हे तुम्ही काल दोनदा विचारलंत."

त्या सहज बोलून गेल्या, पण काकांनी हातातली जुनी वायर खाली ठेवली. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी तेच तेच प्रश्न. मग चष्मा, किल्ल्या. मग एक दिवस स्वतःच्याच दारात उभं राहून, हे घर कुणाचं म्हणून विचारणं. काका जिना उतरले. बुधवारी वहिनींनी दोन हाका मारल्या, तरी ते कान दुखतोय म्हणून घरातच बसून राहिले. डोक्यात मात्र त्या दोन रेघा. खडू कुठे ठेवला होता, हात कुठला वापरला, पायात काय होतं, सगळं आठवून बघितलं. एक रेघ स्वच्छ आठवत होती. दुसरीच्या जागी नुसता निळा पडदा.

गुरुवारी बाराच्या सुमारास वहिनीच खाली आल्या. "मी तिलाच विचारते, स्टेशन चालू आहे की बंद पडलंय. तुम्ही वर चला, ती काय बोलेल ते मला कळायचं नाही."

त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पुतणीने लगेच उचलला. "अगं आई, सोमवारपासून आमची फ्रिक्वेन्सी बदलली ना! महिनाभर खाली पट्टी फिरत होती. वाचली नाहीस?"

"मी खाली कुठे बघते? मी कोपऱ्यात बघते."

"काका आहेत का? काका, अँटेनाला हात नका लावू. सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल नव्याने शोधायला लावा, बास."

काकांनी बटणं दाबली. पडद्यावर एक रेघ सरकू लागली, तिच्यासोबत आकडे वाढू लागले. पाच मिनिटांत चॅनेल सापडलं, पण भलत्याच नंबरावर. बातम्या चालू होत्या. उजव्या कोपऱ्यातल्या गोलात एक दाढीवाला माणूस हात हलवत होता.

"अगंबाई! हा कोण?" वहिनी किंचाळल्याच. "ही आपली नव्हे! भावोजी, चुकीचं लागलंय, पुन्हा शोधा!"

काकांनी खरंच रिमोट उचलला. मग ते थांबले. "वहिनी, ती तिथे कशी असेल? ती तर तुमच्याशी फोनवर बोलतेय."

वहिनींनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा टीव्हीकडे. "मग तू कामावर का नाहीस?"

पलीकडून पुतणी म्हणाली, "रविवारी पाय घसरला. मनगट मोडलंय. प्लास्टर आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, मी दिसले नाही की तूच फोन करशील. सोमवारी वाट बघितली. मंगळवारी पण."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "केस कोण विंचरून देतं तुझे?"

"कुणी नाही. तसेच बांधते कसेबसे."

"मी उद्या निघते," वहिनी म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या बॅग काढायला उठल्या. काका रिमोट हातात घेऊन तसेच उभे होते. शेवटी म्हणाले, "वहिनी, एक विचारू? त्या नळीवर दुसरी रेघ आहे. मी मारली का हो ती?"

वहिनी ओशाळल्या. "मीच मारली. उन्हाळ्यात चित्र तुटत होतं. तुमच्या गुडघ्यांना कुठे त्रास द्यायचा म्हणून मीच काठीने फिरवला. आधीपेक्षा बरं दिसायला लागलं, म्हणून खूण केली. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

काका खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मग डोळे पुसायला लागले. तीन दिवस मनात काय चाललं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. वहिनींनी हातातली साडी बाजूला ठेवली.

"दोनदा विचारलंत हे मात्र खरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तुमच्या भावाला असं काही सांगितलं की ते माझ्यावरच चिडायचे. तुम्ही तीन दिवस घाबरून बसलात. मला तरी हे वेगळं वाटतं. खरं काय ते डॉक्टरच सांगतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि परस्पर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. काकांना चार आठवले.

"वयाच्या मानाने ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत या."

ठीक आहे, तर परत कशाला यायचं? आणि परत यायचं, तर ठीक कसं? विचारावं म्हणून काका दारातून मागे वळले, पण तोवर पुढचा पेशंट आत गेला होता. रस्ताभर ते तो पाचवा शब्द शोधत चालले होते.