कुणी न नेलेले रंग

“बाथरूमच्या दाराला केशरी रंग? हे घर आहे की सरबताची गाडी?”

तपासनिसांची बायको स्टुलावर उभी राहून चौकटीवर ब्रश फिरवत होती. “स्वस्तात मिळाला,” एवढंच ती म्हणाली. चुकून भलताच मिसळला गेलेला आणि गिऱ्हाइकाने नाकारलेला डबा रंगवाला अर्ध्या किमतीत देतो, असं तिला शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं होतं म्हणे.

तपासनिसांना हे पटलं नाही. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस. समोरच्याने खिशात हात घालायच्या आधीच त्यांना कळायचं की आत काही नाही. ते निवृत्त झाले होते, त्यांचा संशय अजून नोकरीवर होता.

आणि इथे तर नक्कीच पाणी मुरत होतं. इतक्या वर्षांत भिंतींबद्दल चकार शब्द न काढणारी बाई एकाएकी घर नटवायला निघाली होती. पांढऱ्या कपांखाली गडद निळं कापड, सोफ्यावर पिवळ्या उश्या, पायरीच्या कडेला लाल पट्टा. दिव्याच्या बटणांभोवतीसुद्धा हिरवी चौकट! समोरच्या कंपाउंडरने घर विकण्याआधी असाच रंग काढला होता. त्यात मुलाचा फोन आला की ही गॅलरीत जाऊन बोलायची. परवा त्यांनी पडद्याआडून ऐकलं, “बाबांना एवढ्यात सांगू नकोस. ते सगळं बंद पाडतील.”

म्हणजे मुलगा घर विकणार आणि आईही त्याला सामील. तपासनिसांच्या तोंडची चवच गेली. या घराचं एकेक दार त्यांनी समोर उभं राहून बसवून घेतलं होतं. आता म्हातारपणी मुलाच्या घरी पाहुण्यासारखं राहायचं!

दुपारी त्यांनी रागारागाने सगळ्या उश्या कपाटात कोंबल्या आणि सोफ्यावर ठाण मांडलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच. सोफा राखाडी, अंगातला सदराही राखाडी. दुसरा रंग त्यांनी कधी वापरलाच नव्हता.

बायको चहा घेऊन आली. तिची नजर सोफ्यावरून फिरली, त्यांच्यावरून फिरली आणि खिडकीकडे गेली.

“अहो, कुठे आहात?”

ती हाताच्या अंतरावर उभी होती. थट्टा करतेय, असं त्यांना आधी वाटलं. पण चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसती भीती होती.

“इथेच आहे.” त्यांनी कप तिच्या हातातून घेतला. “कधीपासून?”

ती चाचपडत शेजारी बसली. “वर्ष होत आलं. डोळ्याचा पडदा विरत चाललाय, चष्म्याने भागणार नाही. उठून दिसणारे रंग तेवढे अजून दिसतात. मुलाला मीच शपथ घातली होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला गॅसजवळ फिरकू दिलं नसतं. एका जागी बसवून ठेवलं असतं. माझं घर मला माझ्या हातांनी चालवायचंय.”

तिचं खरं होतं. ते अगदी तसंच वागले असते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. उठून त्यांनी उश्या पुन्हा मांडल्या.

संध्याकाळी ते कपड्यांच्या दुकानात गेले. एवढा भडक लाल शर्ट नातवाला का, असं दुकानदाराने विचारलं. “मला,” ते म्हणाले आणि तिथेच अंगात चढवला. रस्त्यात ओळखीचे दोघे तोंड लपवून हसले. कानकोंडे होऊन ते भराभर चालत राहिले.

वळणावरून घर दिसलं. बायको गॅलरीत उभी होती. त्यांनी हाक मारली नव्हती, तरी तिने हात वर केला.