पुढच्या गोटमारीसाठी राखलेल्या चार गोळ्या

मी एक जुनी, चुरगळलेली गोळ्यांची पट्टी आहे. पांढुर्ण्याच्या केसरबाईंच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझी दहाही घरे रिकामी आहेत. मित्रांनो, पट्टीने रिकामे व्हायचेच असते. तरी मला राग आहे, कारण मला रिकामे केले ते चुकीच्या वेळी.

माझ्या गोळ्या काही साध्यासुध्या नव्हत्या. जखमेत शिरलेला जिवाणू एकाचे दोन होण्याआधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढतो. हा डीएनए म्हणजे पीळ घातलेला लांबलचक धागा. दोरीचे पदर मधूनच ओढून वेगळे केले, तर पुढचा पीळ आवळत जातो ना? तसेच तिथे होते. मग जिवाणूचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा जोडते. धागा कापला, अजून जोडला नाही, नेमक्या त्या क्षणी माझी गोळी त्या विकराला धरून ठेवते. धागा तुटलेलाच राहतो, नक्कल थांबते, जिवाणू मरतो. क्षयरोगावरची लाल कॅप्सूल माझी दूरची नातेवाईक. ती जिवाणूला डीएनएवरचा मजकूर उतरवूनच घेऊ देत नाही, मग त्याला प्रथिने तरी कशी बनवता येणार? एवढी बारीक कारागिरी, आणि या माणसांनी तिचे काय केले!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार झाली. नदीच्या अलीकडचे पांढुर्णा आणि पलीकडचे सावरगाव दरवर्षी एकमेकांवर दगड फेकतात, तीच ही प्रथा. केसरबाईंचा मुलगा कुलदीप बाजारात संत्र्यांचे क्रेट उचलतो. तो जाम नदीत उतरला आणि सावरगावकडून आलेल्या दगडाने त्याची नडगी फुटली. डॉक्टरांनी टाके घातले, मला त्याच्या हातात दिले आणि बजावले, "पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. एकही गोळी उरली नाही पाहिजे."

तीन दिवसांत सूज उतरली. सहा गोळ्या संपल्या होत्या.

"आता बरं आहे नं माय, कायले खाऊ?" कुलदीप म्हणाला.

"मंग फेकू नको. पुढच्या गोटमारीले होतीन," केसरबाई म्हणाल्या.

आणि मला डब्यात टाकले, चिंध्या आणि हळदीच्या पुडीशेजारी! पुढच्या वर्षीच्या जखमेची तयारी या वर्षीच करून ठेवणारी माणसे मी इथेच पाहिली. जखम ठरलेली, दिवस ठरलेला, फक्त औषध पुरे घ्यायचे तेवढे ठरत नाही.

वर्ष गेले. पुन्हा दगड, पुन्हा तोच पाय. डॉक्टरांकडे कोण जातो? गोळ्या घरातच होत्या. चार गोळ्या, दोन दिवस. मी आतून ओरडत होते, पण पट्टीचे ऐकतो कोण!

मित्रांनो, नक्कल काढताना जिवाणूचेही एखादे अक्षर चुकते. कोट्यवधींत एखाद्याचे ते विकर जरासे बदलते आणि माझ्या गोळीच्या पकडीत येत नाही. माझ्या चार गोळ्यांनी दुबळे जिवाणू मारले आणि या चिवटांना जागा मोकळी करून दिली. त्यांनी आपल्याच नकला काढत सारी जखम व्यापली. पाय मांडीपर्यंत सुजला. तापाने फणफणलेल्या कुलदीपला आगगाडीने नागपूरला नेले.

"याआधी काय दिलं होतं?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले. केसरबाईंनी मला पिशवीतून काढले. पुवाच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात माझ्या गोळीपुढे लिहिले होते, 'निरुपयोगी'. मी निरुपयोगी? मला तसे करणारे हात तर समोरच होते! आता दुसऱ्या औषधाचे इंजेक्शन लागू पडले नाही, तर गुडघ्याखालून पाय कापावा लागेल, असे बाई म्हणाल्या. केसरबाई मला मुठीत आवळून अकरा दिवस खाटेशी बसल्या. तेव्हा मात्र मला त्यांच्यावर रागावता आले नाही.

पाय वाचला, पण गुडघा पुरता वाकत नाही. कुलदीप आता क्रेट उचलत नाही, बसून संत्री निवडतो. घरी आल्यावर केसरबाईंनी मला या खिळ्याला टांगले.

काल पोळा होता. शेजारचा मधुकर दारात आला. "काकू, कुलदीपच्या गोळ्या उरल्या असतीन नं? उद्या गोटमार आहे, जवळ ठेवतो."

केसरबाईंनी मला खिळ्यावरून काढून त्याच्या हातात ठेवले. "हे घे. उरवल्या होत्या म्या."

मधुकरने मला उलटसुलट करून पाहिले. "हे तं रिकामी आहे, काकू."

त्या दारातून बाजूला सरल्या. आत कुलदीप खाटेवरून उठत होता, एक हात भिंतीला, ताठ पाय आधी जमिनीवर. मधुकर पाहत राहिला. मग त्याने मला स्वतःच खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, डॉक्टर सांगतील तेव्हाच आम्हाला घ्या, आणि सांगतील तितके दिवस घ्या. पुढच्या जखमेसाठी आम्हाला राखू नका. डब्यात आम्ही फक्त जुन्या होतो. जखमेत राहिलेले जिवाणू मात्र वाढत असतात.