उलटे मणके

सोनमच्या हातातली सफाई अनुजाच्या डोळ्यांत खुपत होती. दोघी बरोबरच प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या. आता कोल्हापुरातल्या त्यांच्याच कॉलेजात शिकवायची एकच जागा निघाली होती आणि उमेदवार या दोघीच. कणा असलेल्या प्राण्यांवर मुलांसमोर तास घ्यायचा, विभागप्रमुख विजयसिंह सर मागे बसून निवड करणार.

सोनमनं त्यासाठी शिवाजी पेठेतल्या घरी मरळ मासा उकडून त्याचा सांगाडा केला होता. जुन्या टूथब्रशनं काटा न् काटा साफ, मणके तारेत ओवलेले. कोडोलीहून येणाऱ्या अनुजाकडे नुसता तक्ता. अख्खं कॉलेज सांगाड्यावर लोटलं, तक्त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. अनुजाबाईंचा नुसता जळफळाट झाला!

तासाआधी सोनम जेवणाचा डबा धुवायला गेली, तशी अनुजानं शेपटीकडून तार सोडवली. शेपटीच्या मणक्यांना वर एक कमान, खाली एक. वरचीतून चेतारज्जू, म्हणजे मज्जातंतूंचा दोर जातो, खालचीतून रक्तवाहिनी. दोन्ही दिसायला सारख्याच. तिनं दोन-तीन मणके उलटे ओवले आणि तार कशीबशी आवळली. आता पडू दे तिला तोंडावर!

पण तास सुरू होताना सर म्हणाले, "अनुजा, तू आधी घे. आणि सोनमचा सांगाडा घे की. तक्त्यात काय कळतंय पोरांस्नी?"

अनुजानं नाइलाजानं सांगाडा पुढ्यात घेतला. बोलत राहिली. झुरळाचा चेतारज्जू पोटाकडून जातो, माशाचा आणि आपला पाठीकडून. गर्भात आधी पृष्ठरज्जू नावाची लवचीक काडी असते, मणके तिच्याभोवती मागाहून तयार होतात. बोलता बोलता बोट शेपटीपाशी आलं. सर मागून उठून जवळ आले होते, चष्मा सावरत वाकले होते.

"सर, इथले मणके उलटे ओवलेत," ती पटकन म्हणाली.

"नजर हाय बघ पोरीला!" सर खूश झाले.

सोनम पुढं आली. मणके बघितले. चेहरा उतरला तिचा. "व्हय की. माझंच चुकलंय, सर."

नंतर सोनमनंही तास घेतला, पण जागा अनुजाला मिळाली.

"सांगाडा ऱ्हाऊ दे तुला, वर्गात लागंल," जाताना सोनम म्हणाली. "इतक्यांदा तपासला हुता, तरी चुकला गं. माझ्याच हातावर माझा भरवसा न्हाय ऱ्हायला आता."

पहिल्याच दिवशी अनुजा मणके सुलटे करायला बसली. तार काही सोनमसारखी बसेना. तिनं पुन्हा सोडवली, पुन्हा ओवली. आणि एवढं सगळं करूनही तिला सोनमचा हेवाच वाटत होता.