शालूबाईने लावलेली पट्टी

मित्रांनो, नेसरीच्या शिवारात काकडीच्या मांडवाजवळ चार दगडांवर एक जुनी मधपेटी दिसते ना, ती मी. जांभळीच्या फळ्यांची. माझ्या आत सातेरी माश्या राहतात.

मला शालूबाईने आणले. तिचा नवरा पिराजी तेव्हा कुरकुरला होता, "आयला, चावणाऱ्या माश्या कुणी घरला आणतंय व्हय?"

"रोजगारी बायका हायत्या त्या," शालूबाई म्हणाली. "मजुरी फुलातच घेत्यात. तुमच्यागत चहाबी मागत न्हाईत."

आधी निम्म्या काकड्या वाकड्या निघायच्या, नाहीतर कोवळ्याच गळायच्या. त्या वर्षी मांडव लदबदला. माश्यांना फुले लागत, फुलांना माश्या लागत, आणि मला शालूबाईचा हात लागे. कारण माझे दार बाहेरूनच लावता-उघडता येते.

शेजारचे आण्णा वांग्यांवर औषध फवारणार असले की माश्या बाहेर जाऊन मरू नयेत म्हणून ती आदल्या संध्याकाळी माझ्या दाराला जाळीची पट्टी लावी, वर गारव्याला ओले पोते टाकी. औषधाचा वास गेला की पट्टी काढी.

१९९८ च्या मार्चमध्ये तिने अशीच पट्टी लावली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. तिला गडहिंग्लजला नेले. ती जिवंत परत आली नाही. माझ्यापासून पन्नास पावलांवर, ओढ्याकाठी, तिला अग्नी दिला.

माझे दार तसेच राहिले. पोते वाळले. उन्हाने मेण मऊ झाले. माश्या जाळीशी दाटून पंखांनी वारा घालत होत्या. पलीकडे पिवळी फुले दिसत होती, पाटाचे पाणी ऐकू येत होते. एकेक माशी तळाशी पडू लागली. मला हात नाहीत, मित्रांनो.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले. नैवेद्य ठेवला, पण कावळा शिवेना. आंब्यावर बसून नुसता ओरडत होता.

"आक्का, दाजींच्या भाकरीचं मी बघीन," शालूबाईची बहीण तानाबाई म्हणाली.

"तुझी म्हस इकत न्हाय," पिराजी म्हणाला.

कावळा हलेना. आण्णा पुटपुटले, "उद्या फवारतो म्हणून मीच सांगितलं हुतं बिचारीला. मी तर अजून फवारलंबी न्हाय."

पिराजीने मान वर केली. "आरं, पेटी!"

तो ढेकळांतून अनवाणी पळत सुटला. मागून सगळे. पट्टी निघेना. शेवटी त्याने ती दातांनी ओढली. पहिल्याच माशीने त्याच्या ओठाला डंख मारला. तो हलला नाही.

"चावा," म्हणाला. "चावा की."

निम्म्या मेल्या होत्या. उरलेल्या आधी पाण्यावर गेल्या, मग फुलांवर.

तानाबाई मागे वळून ओरडली, "शिवला! दाजी, कावळा शिवला!"

माणसे इकडे आली, जागा मोकळी झाली, म्हणून तो उतरला असेल. मला पेटीला काय कळणार? पिराजी मात्र माझ्यापाशी बसून रडला.

आता माझी एक फळी उकलली आहे. मित्रांनो, कुणाला जपायला दार लावावे लागले, तर लावा. पण ते उघडायचे आहे, हे आणखी एकाच्या कानावर घाला. पिराजी पट्टी लावली की बांधावरून हाक मारतो, "आण्णा, लावलीया बरं का! मी न्हाय आलो, तर तुमी काढा."