ब्योन गुरुजींचं ताजं मत

ब्योन गुरुजी एक्याऐंशीचे झाले तेव्हा शिष्यांनी त्यांचं सगळं लिखाण गोळा करून स्वच्छ नकलायला घेतलं. ग्रंथ छापायचे लाकडी ठसे कोरायचे ते गुरू गेल्यावरच, अशी रीत. त्यामुळे सगळे गुरुजींच्या मरणाची वाट बघत होते. अर्थात अत्यंत आदरानं.

थोरला शिष्य थाक मुन-हो, वय साठ, त्यांना रोज एक निबंध वाचून दाखवी. गुरुजींना दिसत नव्हतं, ऐकू मात्र नको तितकं येई. त्या दिवशी त्यानं मोठ्या अभिमानानं 'तत्त्व स्वतःहून हलतं' हा निबंध काढला. याच निबंधापायी तीस वर्षांपूर्वी प्यो इन-हु या शिष्याला गुरुजींच्या विद्यालयातून हाकललं होतं. प्यो म्हणायचा, हलते ती प्राणशक्ती. तत्त्व बापडं तिच्या पाठीवर बसून जातं. मग रीतीप्रमाणे ढोल बडवून त्याचं नाव शिष्यांच्या यादीतून खोडलं. ढोल बडवला मुन-होनं, आणि प्यो त्याचा जिवाभावाचा मित्र होता.

चार ओळी झाल्या नाहीत तोच गुरुजी खेकसले, "कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"



"तुम्हीच, गुरुजी. पन्नाशीत," मुन-हो पुटपुटला.

"मग त्या पन्नाशीतल्या गाढवाला विचार, तत्त्वाला काय पाय फुटलेत? प्रेतातही तत्त्व असतंच की. उठून चालतं का ते?"

"पण प्यो हेच म्हणत होता!"

"म्हणत असेल. हुशार पोरगा. हल्ली दिसत नाही तो?"

मुन-होच्या अंगाचा तिळपापड झाला. या म्हाताऱ्याच्या मतासाठी त्यानं मित्र तोडला, मित्राच्या आईच्या मयतालाही गेला नाही, आणि म्हातारा विचारतो, हल्ली दिसत नाही!

"मत बदललंत ते मला सांगायचं तरी!"

"तू विचारलंस कधी? तीस वर्षं माझीच वाक्यं मला ऐकवतोयस. अरे, विशीत मी भिक्खूंच्या मठात डोळे मिटून बसायचो, चाळिशीत त्यांनाच शिव्या घालायचो. अजून दोन वर्षं जगलो तर काय म्हणेन, कुणास ठाऊक!"

दुसऱ्या दिवशी मुन-हो खिंड ओलांडून प्योच्या गावी गेला. प्यो अंगणात सुकवायला पर्सिमनची केशरी फळं सोलत बसला होता. मुन-होनं कपाळ जमिनीला टेकवलं.

"चुकलो मी. तत्त्व हलत नाही. गुरुजीही आता तेच म्हणतात."

प्योनं सुरी खाली ठेवली. "हलतं रे. खूप विचार केला मी. गुरुजींचं बरोबर होतं, हे पटून वीस वर्षं झाली."

"मग मेल्या, परत का नाही आलास?"

"हाकललेल्यानं कसं यायचं? कुणीतरी बोलवायला हवं ना."

मुन-होला रडू आवरेना. प्योनं त्याची तिरकी झालेली टोपी सरळ केली.

"वीस वर्षं वाटत होतं, या आठवड्यात तू येशील."