हात टेकायची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. म्हातारे हातात धरून चालतात तसली नव्हे, आणि मेंढरं हाकायचीही नव्हे. पाट्या रंगवणारा माणूस मला डाव्या हातात आडवी धरतो, माझं एक टोक पाटीवर टेकवतो आणि कुंचल्याचा उजवा हात माझ्यावर ठेवतो. त्यामुळे ओला रंग पुसला जात नाही आणि रेघ हलत नाही. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या हाताचं ओझं वाहिलं. आता दमले आहे. माझ्या मधोमध तडा गेला आहे आणि त्याच्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. तरीही बसा, सांगते.

माझा जन्म डोंगराळ मुलखातल्या ओश शहरातला. एका हिवाळ्यात पाट्या रंगवणारे कारागीर असनकुल उस्ता यांच्या अंगणातलं जर्दाळूचं झाड बर्फाच्या भाराने दुभंगलं. उस्तांनी त्यातली एक सरळ फांदी निवडली, उन्हाळाभर पडवीत वाळवली, काचेच्या तुकड्याने तासली आणि अक्रोडाचं तेल पाजलं. माझ्या एका टोकाला कापसाचा बोळा बसवून वरून बोकडाचं मऊ कातडं बांधलं, पाटीवर ओरखडा उठू नये म्हणून. तेव्हा उस्ता तिशीचे होते. त्यांचा हात माझ्यावर पहिल्यांदा पडला तेव्हा मला वाटलं, एखादा पक्षीच येऊन बसला आहे.

पुढची वीस वर्षं आम्ही दोघांनी बाजारातली दुकानं लिहिली. न्हावी, शिंपी, टायरवाला, दाताचा डॉक्टर, नदीच्या पुलापलीकडचा चहावाला. उस्ता शिडीवर चढले की खाली चार माणसं उभी राहत. कुणी म्हणे, ह्याने पेन्सिलीने आखलंच नाही. दुसरा म्हणे, आखायचं असतं तर तुला बोलावलं असतं. उस्ता हसत नसत, पण त्यांच्या मनगटातलं हसू मला कळायचं.

मग छापील पाट्या आल्या. एका यंत्रातून प्लास्टिकचा ताव बाहेर येई, त्यावर अक्षरं, फोटो, फळं, सगळं एकदम. आमचं काम एक-एक दुकान करून गेलं. शेवटी उरली ती कबरस्तानातली नावं. जन्माचं साल, मृत्यूचं साल आणि मधली रेघ. उस्ता ती रेघसुद्धा मन लावून ओढत. त्या दिवसांत त्यांचा हात जड झाला होता. पक्षी केव्हाच उडून गेला होता.

त्यांची एकुलती एक मुलगी मेरिम शहरातल्या चित्रशाळेत दाखल होऊन तिथेच राहायला निघाली तेव्हा उस्तांनी मला पुसलं, पुन्हा तेल लावलं आणि तिच्या हातात दिलं. "हात दमला की हिच्यावर टाक," एवढंच म्हणाले.

मेरिमला बापाचं अक्षर आलं होतं. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी शिडीखाली बसून ती धुळीत बोटाने तीच अक्षरं गिरवायची. त्यामुळे पहिल्या वर्षी तिने काय केलं, तर प्रत्येक चित्राच्या खाली ओळी लिहिल्या. डोंगर काढला की डोंगराबद्दलची म्हण. घोडा काढला की घोड्याबद्दलची. अक्षरं अशी देखणी की वर्गातली पोरं आधी खालीच बघायची.

कुबात आगाय हे तिचे शिक्षक. आमच्याकडे शिक्षकाला आगाय म्हणतात. ते बुटके, खोकणारे, कोटाच्या बाहीला कायम रंग लागलेले. त्यांनी डोंगराच्या चित्रासमोर हात मागे बांधून बराच वेळ घालवला.

"डोंगर काढलास आणि खाली पुन्हा डोंगरच लिहिलास," ते म्हणाले. "चित्रावर तुझा विश्वास नाही का पोरी? की आमच्या डोळ्यांवर नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तिचे वडील पाट्या रंगवतात ना."

वर्ग हसला. आगाय हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. त्या दिवसापासून मेरिमचं नाव पाटीवाली पडलं. संध्याकाळी तिने मला वर्गाच्या खिडकीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांमागे सरकवलं. हिवाळ्यात खोली गरम ठेवणाऱ्या त्या जाड लोखंडी नळ्या. मी तिथे तीन वर्षं होते.

मित्रांनो, अडगळीत पडलेल्या वस्तूला दुसरा उद्योग नसतो, म्हणून ती ऐकते. मी ऐकलं, की मेरिमने शब्द पार टाकून दिले. नुसते रंग लावू लागली. आगायांनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, नीटनेटकं आहे. तिसऱ्या वर्षी तिला शब्दांची आठवण आली असावी. पण आता ती वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवी, त्यांच्यावर रंग ओती, अक्षरं उलटी लिही, एकावर एक लिही. कुणालाच काही वाचता येईना. मैत्रिणी म्हणाल्या, भारी दिसतंय.

आगायांनी विचारलं, "हे काय लिहिलंयस?"

"ते वाचायसाठी नाहीये, आगाय."

"मग लिहिलंस कशाला?"

मला त्या नळ्यांच्या उबेने तोवर तडा जाऊ लागला होता. आधी केसाएवढा, मग दुसऱ्या हिवाळ्यात नखाएवढा. लाकूड वाळतं तेव्हा आवाज होतो, पण फार बारीक. तो कुणी ऐकला नाही.

चौथ्या वर्षाच्या वसंतात घरून निरोप आला की काठी घेऊन ये. होशिम आकांच्या दुकानाची पाटी पुन्हा रंगवायची होती. होशिम आका, म्हणजे होशिमदादा, हे उस्तांचे जुने दोस्त. त्यांच्या तंदुरातले सामसे, म्हणजे भाजलेले समोसे, सकाळी दहाच्या आत संपत. मुलाने छापील पाटी आणली तर त्यांनी ती कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातली होती.

मेरिमने मला नळ्यांमागून ओढून काढलं, तिच्या हाताला तडा लागला आणि ती थबकली. घरी उस्तांनी मला दिव्याकडे धरून फिरवून पाहिलं. खणातून निळी चिकटपट्टी काढली आणि तडा गेलेल्या जागी चार वेढे दिले. मेरिम चहाच्या पियाल्याकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ता शिडीवर चढले आणि त्यांचा हात माझ्यावर आला. मित्रांनो, तेव्हा मला कळलं. तो हात थरथरत होता. थंडीची थरथर मी ओळखते, भुकेचीही ओळखते. ही वेगळी होती. ती मनगटातून माझ्यात शिरली आणि माझ्यातून पाटीत गेली. पहिली उभी रेघ तीन ठिकाणी मोडली.

खाली होशिम आका पीठ लागलेले हात झटकत उभे होते. "असनकुल, तुझा हात थरथरतो म्हणून लाजतोस होय? माझ्या तंदूरला बघ, एका बाजूने खचलाय. लोक तरी खातातच ना."

उस्ता खाली उतरले. त्यांनी कुंचला मेरिमकडे दिला. "तू लिही."

आधी ती मोडकी रेघ आणि खालचा जुना रंग खरवडायचा होता. मेरिम खरवडू लागली तसा हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तांबडा. प्रत्येक थरात अक्षरं होती. होशिम आकांच्या आधी तिथे चपला शिवणारा होता, त्याच्या आधी दूधवाली, तिच्या आधी रेडिओ दुरुस्त करणारा. सगळी अक्षरं उस्तांच्याच हातची. सर्वांत खालची तर अशी उसळलेली, जशी तरुण माणसाची चाल असते. मेरिम खरवडणी हातात धरून शिडीवरच बसली.

"थांबलीस का?" उस्तांनी विचारलं.

"अताके, हे सगळं तुम्हीच लिहिलंय," ती म्हणाली. आमच्याकडे लाडाने बापाला अताके म्हणतात. शाळेत गेल्यापासून तिने ते म्हटलं नव्हतं.

"मग काय दूधवालीने लिहिलं? खरवड. उद्या सकाळी माणसं येतील."

तिने पाटी लिहिली. तिचा हात मला नवीन होता, पण त्याचं वजन पडायची जागा ओळखीची होती. उस्ता खालून सांगत राहिले: इथे जाड, इथे श्वास सोड, इथे घाई नको. मध्येच म्हणाले, "पाटी वाचायसाठी नसते पोरी. भुकेला माणूस वाचत बसत नाही. तो थांबतो. तो थांबला म्हणजे झालं."

त्यानंतर मेरिमने मला शाळेत परत नेलं आणि शेवटच्या परीक्षेचं चित्र सुरू केलं. आडवा कॅनव्हास, तिच्या उंचीहून लांब. सकाळची आमची गल्ली, दुकानं बंद, रस्त्यावर कुणी नाही. फक्त दारांवर आणि भिंतींवर शब्द, थरावर थर, अर्धे झाकलेले, अर्धे खरवडलेले. जिथे माणसं उभी असायची तिथे त्यांची नावं उभी होती. आगायांनी पाहिलं, खोकले, आणि पहिल्यांदाच काही न बोलता पुढे गेले.

पण तिला अजून काहीतरी हवं होतं. एका रविवारी ती मला घेऊन घरी गेली आणि उस्तांना म्हणाली, ह्या चित्रात एक शब्द तुमच्या हाताने लिहा. आत्ताच्या हाताने.

उस्तांनी पियाला खाली ठेवला. त्यातला चहा सांडला. "चांगला होता तेव्हा हा हात तुला नको होता. काठी नळ्यांमागे टाकलीस. आता वाकडा झाला तर लोकांना दाखवायचाय?"

मेरिमच्या आईने भाकर मोडता मोडता थांबून दोघांकडे पाहिलं. मेरिम सांडलेला चहा पुसून उठली आणि शाळेत परत आली. मग तिने ते मागणं सोडून दिलं. कुणाची थरथर मागून मिळत नसते, आणि मागू तर नयेच, हे तिला त्या सांडलेल्या चहातून समजलं असावं. तिने शिंप्याच्या दारावरचे शब्द आठवून स्वतःच लिहिले: कोश केलिंगिझ. म्हणजे, या, तुमचं स्वागत आहे.

परीक्षेला चार दिवस होते. दुपारी दार उघडलं आणि उस्ता आत आले. डोक्यावर लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी, हातात होशिम आकांनी दिलेली सामशांची पुडी. चार वर्षांत ते शाळेत कधीच आले नव्हते. त्यांनी पुडी आगायांच्या टेबलावर ठेवली, सलाम केला आणि चित्रासमोर जाऊन उभे राहिले.

ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. रेडिओवाल्यापाशी थांबले. दूधवालीपाशी थांबले. ओठ हलत होते. शिंप्याच्या दारापाशी आले तेव्हा कपाळाला आठी पडली.

"हे शेपटीचं अक्षर चुकलंय," ते म्हणाले. आमच्या लिपीत एका अक्षराला खाली छोटी शेपटी असते. "मी अशी तोडून टाकत नाही. माणसाला 'या' म्हणतेस आणि दार अर्धंच उघडतेस?"

मेरिम म्हणाली, "मग कशी हवी?"

उस्तांनी विचारलं, "काठी कुठाय?"

तिने मला आणून दिलं. उस्तांनी माझं कातड्याचं टोक कॅनव्हासच्या कडेला टेकवलं, हात माझ्यावर ठेवला, कुंचला उचलला. माझ्या तड्यात तो सगळा हात हलत होता. मी जेवढी ताठ राहू शकत होते तेवढी राहिले. त्यांनी चुकीची शेपटी पुसली आणि नवी काढली. ती लांब होती, खाली गेली, वळली, आणि वळताना तीन वेळा कापली. ते मागे झाले, बघितलं.

"आता बरोबर आहे," म्हणाले.

कुबात आगायांनी सामशाचा तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच हातात राहिला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या एका परीक्षकबाईंनी त्या शेपटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, सगळं इतकं सफाईदार असताना एवढंच कच्चं राहिलंय, टांगण्याआधी दुरुस्त करून घ्या. मेरिमने सांगितलं, ते दुरुस्तच केलेलं आहे. बाईंनी पाचपैकी चार गुण दिले. मेरिमने वाद घातला नाही.

मित्रांनो, ह्यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. उस्तांचा हात आता कुंचला धरत नाही. कधीकधी ते दुपारी मला मांडीवर घेऊन बसतात आणि डुलकी काढतात. माझंही लाकूड पोकळ वाजू लागलं आहे. अजून एक मोठी पाटी झेपेल असं वाटत नाही. मी कुणावर रागावलेले नाही. जुनं बाजूला पडतं, त्याला कुणाचा इलाज नाही. नळ्यांमागे टाकलंत तरी चालेल, फक्त उबेपासून चार बोटं लांब ठेवा. आणि घरात एखादा दमलेला हात असेल तर त्याच्याकडून काही काढून घ्यायला जाऊ नका. आपलं काम त्याच्यासमोर मांडून ठेवा आणि गप्प उभे राहा. चूक दिसली तर तो स्वतःच काठी मागेल.