वीस म्हणजे वीस

मी एक जुना, वीस लिटरचा लोखंडी डबा आहे. पेट्रोलचा. तुम्हाला मित्रांनो म्हणतो, कारण तशी पद्धत आहे. नाहीतर माझं फारसं कुणाशी पटत नाही. एरवी "शी, काय वास!" म्हणून नाक मुरडायचं आणि गाडी अडली की मलाच न्यायला यायचं, असले मित्र मी पुष्कळ पाहिलेत.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्रा, वर मुठी आणि घट्ट बसणारं झाकण. आधी सैन्यात होतो, ट्रकच्या पाठीला बांधलेला. तिथून ओसमोन नावाच्या ट्रक ड्रायव्हरने अर्ध्या मेंढीच्या बदल्यात मला घेतलं आणि आमच्या कोक-तोर गावात आणलं. त्याच्याबरोबर मी चीनच्या हद्दीपर्यंतचे घाट पालथे घातले. पेट्रोलवरून कुणाचं भांडण झालं की लोक म्हणत, "ओसमोनचा डबा आणा रे. त्यातलं वीस म्हणजे वीस." तेव्हा फार बरं वाटायचं. पण ओसमोन गेला, ट्रक भंगारात गेला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकलं. अकरा वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. कोंबड्या तेवढ्या डोक्यावर बसायच्या. पुढचं विचारूच नका.

ओसमोनचा मुलगा एमिल हा नारिनच्या शाळेत गणिताचा मास्तर. नारिन पंचेचाळीस किलोमीटर. रोज कुणाच्या तरी गाडीत कोंबून घेऊन जायचा. तसं काही वाईट चाललं नव्हतं. पण एक दिवस मेदेर नावाचा गाड्यांचा व्यापारी बिश्केकहून एक काळी, बुटकी, रुंद बुडाची गाडी घेऊन आला आणि एमिलचं डोकं फिरलं. आठ सिलिंडरची जर्मन गाडी. नुसती उभी असली तरी गुरगुरायची. मला ती पाहताक्षणी आवडली नाही. आम्ही पेट्रोल वाहून नेतो आणि ही मेली ते पिऊन वर गुर्मी दाखवते!

किंमत परवडण्याजोगी होती, पण त्यासाठी चार दुभत्या घोड्या विकाव्या लागणार होत्या. घोड्या एमिलच्या बायकोच्या, साल्किनायच्या. लग्नात माहेरून आणलेल्या. उन्हाळाभर रस्त्याच्या कडेला ती त्यांच्या दुधाचा कुमिस, म्हणजे आंबवलेलं पेय, विकायची आणि त्यावर घरचा हिवाळा निघायचा.

"पिते किती?" साल्किनायने मेदेरला विचारलं.

"शंभर किलोमीटरला बारा लिटर, वहिनी. तेसुद्धा रडत रडत."

"माझ्या घोड्या नदीवर पितात. फुकट."

एमिल चिडला. "अगं, हिशोब सोपा आहे. जाऊन येऊन नव्वद किलोमीटर, म्हणजे अकरा लिटर. मास्तर मी आहे की तू?"

"तुम्हीच. म्हणूनच करून दाखवा." ती खुराड्यामागे आली, मला मुठीला धरून ओढलं आणि अंगणात आपटलं. "मामंजींचा डबा. वीस लिटर. व्यापाऱ्याने गाडी कोरडीच आणलीय, लाल दिवा पेटलाय. हा डबा ओता आणि रोजच्यासारखं नारिनला जाऊन या. वाटेत जे होईल ते होऊ द्यायचं. घरापर्यंत पोचलात तर घोड्या मी स्वतः बाजारात नेईन. नाही पोचलात तर गाडीचं नाव काढायचं नाही."

"नऊ लिटर उरेल!" एमिल म्हणाला.

गावच्या पंपावर, यंत्रावरच्या आकड्याकडे कुणी न बघता, मला काठोकाठ भरलं आणि गाडीत ओतलं. मेदेरने नाक वर करून सांगितलं, की हिला भारीतलंच पेट्रोल लागतं, साधं चालत नाही. ते ऐकून साल्किनायने एमिलकडे असं पाहिलं, की मी माणूस असतो तर पळून गेलो असतो. मग मला डिकीत टाकून ती मागे बसली, मेदेर पुढे.

गाव संपायच्या आत झेयनेप काकू रस्त्यात उभी. बरोबर लोकरीची तीन पोती.

"एमिल! ही तुझी? बाई बाई बाई, काय तेज आहे हिला!" काकूने लगेच दोनशे सोमची नोट त्याच्या खिशात खुपसली. नवी सून, नवं बाळ किंवा नवी गाडी पहिल्यांदा पाहिली की आमच्याकडे असे पैसे देतात. गाडी अजून घ्यायची आहे, हे सांगायला एमिलची जीभ उचलली नाही. काकू मागे बसली आणि पोती डिकीत आली, थेट माझ्या अंगावर.

पुढच्या वळणावर तुर्दुबाय आबा. आबांनी आधी दोन्ही तळहात पसरून गाडीला आशीर्वाद दिला, तोंडावरून हात फिरवले आणि मग दार उघडून बसले. "मला जरा लेकीकडे सोड बाबा. नदीपलीकडे. वाटेतच आहे."

वाटेत कसलं आलंय! सात किलोमीटर आत, सात बाहेर, तेही दगडगोट्यांतून. एमिलने गाडी वळवली. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? मेदेर मात्र खुशीत होता. आशीर्वाद मिळालेली वस्तू परत करायची कुणाची छाती होते?

सडकेला लागल्यावर मेदेर म्हणाला, "आता दाबा की जरा! आठ सिलिंडर आहेत, मेंढरं नाहीत." एमिलने दाबलं. मी पोत्यांखाली चेंगरलो. मागून काकू ओरडली, "अजून! अजून जोरात!" नारिनमध्ये बाजाराला दोन चकरा झाल्या. येताना काकूला दोन पोती पीठ घ्यायचं होतं आणि आबांना लेकीकडून परत आणायचं होतं. म्हणजे पुन्हा सात आत, सात बाहेर.

गाव दोन किलोमीटरवर असताना गाडीने दोन आचके दिले आणि थांबली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मेदेर भडकला. "अख्खं गाव बसवलंत, वाट वाकडी केलीत! त्यात गाडीचा काय दोष?"

"दोष गाडीचा नाहीच," साल्किनाय म्हणाली. "ती बारा पिते की वीस, मला ठाऊक नाही. पण ही दारात उभी राहिली की रोजचा दिवस असाच जाणार. उद्या नवरी हिच्यातून, परवा आजारी माणूस हिच्यातून. आणि पेट्रोलचे पैसे मागणार कुणाकडे? आबांकडे?"

"माझ्याकडे?" आबा ताडकन म्हणाले. "पैसे? माझ्याकडे?"

"बघा."

एमिलचा चेहरा पडला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "काकूंची नोट परत करा."

"चारचौघांत माझं नाक कापतेस?"

"तुमचं नाक वाचवायला माझ्या घोड्या जायच्या का?"

शेवटी त्याने नोट काढून दोन्ही हातांनी काकूपुढे धरली. "काकू, गाडी माझी नाही. अजून घेतली नव्हती."

"दिलेलं परत? मी काय भिकारीण आहे?" काकूने नोट हिसकावली आणि रस्त्यावर थुंकली. आबांनी पाठ फिरवली. एमिलला बायकोवर हात उगारता येईना, व्यापाऱ्याला बोलता येईना, आबांना तर नाहीच नाही. पेट्रोल आणायला मला डिकीतून काढून रस्त्याकडेला ठेवलं होतं. त्याने माझ्या कुशीत सणसणीत लाथ घातली. मी उतारावरून दगडांवर आपटत थेट ओढ्यात गेलो. कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे एकमेकांवर ओरडत होते. शेवटी एमिल स्वतःच खाली उतरला आणि मला उचलून आणलं.

सगळी वरात पायी पंपावर पोचली. मेदेरने वीस लिटर मागितलं. यंत्रावर साडेअठराचा आकडा आला आणि मी ओसंडून वाहू लागलो.

मग मेदेरने टाळीच वाजवली. "डबाच खोटा! वीस कधी दिलेच नव्हते वहिनींनी! दीड लिटर आणखी असतं तर दारात पोचलो असतो!"

"तरीच!" काकू साल्किनायच्या अंगावर धावून गेली. "मापात फसवतेस? नवऱ्याला?"

एवढ्या वर्षांत मला कुणी खोटा म्हटलं नव्हतं. आणि आता ते खरंच होतं. साल्किनाय माझ्याकडे बघत राहिली, तिला काहीच कळेना. एमिलने नुसतं तोंड मिटून ठेवलं असतं तरी चाललं असतं. गाडी त्याची झाली असती, इज्जत राहिली असती, आशीर्वादही वाया गेला नसता. माझ्यातून सांडलेलं पेट्रोल त्याच्या बुटावर ठिबकत होतं.

"डब्याला पडलेला हा पोचा माझ्या बुटाचा आहे," तो म्हणाला. "मघाशी मीच लाथ मारली. निघताना हा डबा वीसचाच होता. मेदेर, तुमची गाडी घेऊन जा."

मित्रांनो, आता मी साडेअठराचा आहे आणि एमिलने खिळ्याने तो आकडा माझ्या अंगावर कोरलाय. काकू अजून त्यांच्याकडे येत नाही. मापाच्या वस्तूंना जपा, एवढंच सांगतो. राग आवरलाच नाही तर मारा लाथ. पत्रा आहे, सोसेन. पण उद्या कुणी विचारलं, पोचा कुणी पाडला, तर पुढे होऊन आपलं नाव सांगा. मला ते सांगता येत नाही.